खुर्च्या वाटण्याआधी एकदा टेप काढा : साहित्य वाटप शिबिरवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
आमच्या जिल्ह्यात दिव्यांगांसाठी साहित्य वाटप शिबिरं भरवणारे सगळे साहेब, ताई, दादा, ट्रस्टची मंडळी, कंपन्यांचे सीएसआरवाले, आणि जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिकेत या फायली पुढे सरकवणारे सगळे,

स.न.वि.वि.

3 डिसेंबर, म्हणजे दिव्यांग दिन, जवळ आला. चौकात फ्लेक्स लागलाय, 'भव्य मोफत साहित्य वाटप शिबिर', वर सोळा चेहरे आणि खाली कोपऱ्यात व्हीलचेअरचं बारकं चित्र. पोराने मोबाईलवर फोटो काढून आणला, म्हणाला पप्पा यावेळी जायचं का. मी म्हटलं जाऊ की, पण त्याआधी या लोकांना एक पत्र लिहितो, कारण तिथे गेल्यावर माईक आपल्या हातात कधी येत नाही, आपल्या हातात येतो तो नारळ आणि शाल.

मी कोण ते सांगतो आधी. मी वायरमन होतो. 2014 च्या मे महिन्यात पोल्ट्रीच्या शेडवर फॅनची लाईन ओढताना सिमेंटचा पत्रा फुटला आणि मी सरळ खाली कोब्यावर, बारा-चौदा फुटांवरून. पाठीत कडकन आवाज झालेला अजून आठवतो. पाय आहेत का गेले तेच कळेना. चौघांनी दोन हात दोन पाय धरून झोळीसारखं उचललं आणि पिकअपच्या हौद्यात टाकलं. त्यांचा दोष नाही, जीव वाचवायची घाई होती, 108 येईपर्यंत हलवू नका, हलवायचंच असेल तर मान-पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्या हे गावात सांगणार कोण. डी-12 चा, म्हणजे पाठीचा बारावा मणका फुटलेला. ऑपरेशन झालं, रॉड-स्क्रू बसले, बाराव्या दिवशी घरी. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं 'फिजिओथेरपी चालू ठेवणे'. संपलं. लघवी कशी करायची, संडासचं काय, रात्री किती वेळाने कूस बदलायची, यावर एक ओळ नाही. कमरेखाली काही कळत नाही अशा माणसाला घरी पाठवताना या तीन गोष्टी सांगितल्या नाहीत तर बाकी काय सांगितलं ते मला अजून समजलेलं नाही.

पुढच्या वर्षी शिबिरात गेलो. कुणाच्या ते लिहीत नाही, लिहून उपयोग पण नाही, नंतर अजून तीन शिबिरं बघितली, सगळी एका साच्यातली. नाव पुकारलं, स्टेजवर चढवलं (म्हणजे उचलून चढवलं), नव्या खुर्चीत बसवलं, साहेबांनी हँडल धरलं, फोटो झाला, खाली उतरवलं. खुर्ची चकाचक. काळं रेक्झिन, चकाकणारा पाईप, मागे देणाऱ्याच्या नावाचा स्टिकर. आम्ही घरी येईपर्यंत खूश होतो, खोटं कशाला बोलू, आईने खुर्चीला हळद-कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवसापासून हिशोब सुरू झाला. सीटची रुंदी अठरा इंच आणि माझी कंबर, म्हणजे बसल्यावर कुल्ल्याची रुंदी, पंधराची. म्हणजे दोन्ही बाजूला दीड-दीड इंच मोकळं. ऐकायला बरं वाटतं, ऐसपैस, पण ज्याच्या पोटा-पाठीचे खालचे स्नायू चालत नाहीत तो माणूस ऐसपैस खुर्चीत सरळ बसत नाही, तो एका कुशीवर कलतो आणि तसाच राहतो. मी उजवीकडे कललो. रेक्झिन दोन आठवड्यात खाली लोंबलं, त्याची झोळी झाली. फूटरेस्ट खाली, त्यामुळे पाय लोंबकळत, चप्पल कधी निसटून पडायची ते कळायचं पण नाही. हँडरेस्ट वेल्डिंग केलेले, निघत नाहीत, म्हणजे खुर्चीतून कॉटवर आडवं सरकता येत नाही, प्रत्येक वेळी बायको आणि भाऊ दोघांनी उचलायचं, भाऊ रानात असला की भाऊ येईपर्यंत थांबायचं. खुर्चीची एकूण रुंदी सव्वीस इंच, आमच्या मोरीचा दरवाजा चोवीस. दोन इंचासाठी मी दीड वर्ष अंगणात आंघोळ केली, चारी बाजूने साड्या बांधून.

आणि तिसऱ्या आठवड्यात बायकोला पँट धुताना मागे ओलसर डाग दिसला. मला वाटलं लघवी. नव्हती. उजव्या बाजूचं बसायचं हाड असतं ना, कुल्ल्याखालचं, तिथे रुपयाएवढी जखम, आणि वरून रुपयाएवढी दिसली तरी आत पोकळ, बोट जाईल एवढी. आपल्याला दुखत नाही म्हणून आपण तासन् तास तिथेच बसून राहतो, रक्त पोचत नाही, आतलं मांस मरतं, कातडी सगळ्यात शेवटी फुटते. सात महिने पालथा झोपून काढले. सात महिने माझ्या जगात उशी, जमीन आणि कॉटखालची मांजर. शेवटी प्लास्टिक सर्जनने बाजूचं मांस फिरवून जखम बंद केली. त्याचा खर्च सांगत नाही, एवढंच सांगतो की त्या पैशात तुमच्या शिबिरातल्या दहा-बारा खुर्च्या आल्या असत्या.

आता तुम्ही म्हणाल फुकट दिलेल्या वस्तूला नावं ठेवतो. ठेवतोय. कारण ती फुकट नव्हती, सात महिन्यांना पडली.

खुर्चीबरोबर कुशन द्यायचं असतं हो. मणक्याचा पेशंट असेल तर कुशन म्हणजे वरची हौस नाही, तीच खरी वस्तू आहे, खुर्ची तिच्याखालचं स्टँड. साध्या सोफ्याचा स्पंज महिन्यात चपटा होतो, त्याचा उपयोग नाही. चांगला जाड हाय डेन्सिटी फोम, आकार दिलेला, किंवा जेल, किंवा हवेचे कप्पे असलेलं कुशन. हवेवालं वापरायचं तर शिकवावं लागतं, कारण आपल्याकडे लोक टायरमध्ये भरतात तशी टम्म हवा भरतात आणि माणूस दगडावर बसल्यासारखा बसतो. हवा एवढीच हवी की खालून हात घातला तर हाडाखाली अर्धा ते एक इंच गादी लागली पाहिजे. आणि ती मधे भोक असलेली रबरी रिंग, जी मेडिकलवाला 'बेडसोरसाठी हीच न्या' म्हणून देतो, ती तर कृपा करून वाटू नका, गेल्या वर्षी एका शिबिरात बॅगेत घालून दिली होती. भोकाच्या कडेने दाब उलट वाढतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. टाचेखाली पाण्याने भरलेले ग्लोव्ह ठेवायची पद्धत पण तसलीच.

कुशन दिलं म्हणून सुटलो असं पण नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी वजन हलवायला लागतं. आधी मी हातावर जोर देऊन कुल्ले उचलायचो, पाच सेकंदात खाली, त्याने काही होत नाही आणि खांदे मात्र जातात, आणि आमचे खांदे म्हणजेच आमचे पाय. नंतर एका रिहॅब सेंटरला शिकवलं की पुढे वाकायचं, छाती मांडीवर टेकवायची, मनात दोन मिनिटं मोजायची, नाहीतर एकदा या बाजूला एकदा त्या बाजूला कलायचं. रात्री दोन-दोन तासांनी कूस. सकाळी मोबाईलचा कॅमेरा मागे धरून फोटो काढायचा आणि बघायचा, लाल दिसलं तर बोटाने दाबायचं, दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर त्या दिवशी खुर्चीत बसायचं नाही, मग घरात लग्न असू दे. फोनमध्ये आमच्या बुडाचेच फोटो जास्त, पोरगा हसतो, पण 2017 पासून जखम नाही.

बरं मापाचं काय अवघड आहे? शिलाईवाल्याचा टेप लागतो. माणसाला सपाट फळीवर बसवायचं. कुल्ल्याची रुंदी. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या लवणीपर्यंत अंतर, त्यातून दोन बोटं वजा. गुडघ्यापासून टाचेपर्यंत. पाठ किती उंच पाहिजे, ते मार कुठे आहे त्यावर ठरतं, माझ्यासारख्याला बरगडीच्या खाली संपणारी चालते, मानेला मार असेल त्याला उंच. एका माणसाला दहा मिनिटं. ब्लाऊज शिवायला टाकताना आपली बाई याच्या दुप्पट वेळ देते. तुम्ही शंभर माणसांना एकाच मापाचा ब्लाऊज स्टेजवरून वाटला असता तर लोकांनी काय म्हटलं असतं ते तुम्हीच इमॅजिन करा.

हे मी मनाचं सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली व्हीलचेअर कशी द्यायची याचं पुस्तकच काढलं, खास कमी पैशात काम करणाऱ्या देशांसाठी, म्हणजे आपल्यासाठीच. त्यात आठ टप्पे आहेत, नाव नोंदणी, तपासणी, कुठली खुर्ची ते लिहून देणं, पैशाची सोय आणि ऑर्डर, खुर्ची तयार करणं, बसवून बघणं, वापरायला शिकवणं, आणि नंतर परत बघायला जाणं. तुमच्या शिबिरात यातले टप्पे किती होतात? नोंदणी होते. पैशाची सोय होते. फोटो हा टप्पा त्या पुस्तकात नाहीये.

आणि यात सगळ्यात मोठी गोची. दिव्यांगांना साहित्य द्यायची केंद्राची एडीआयपी योजना आहे, 1981 पासून चालू आहे, चाळीस टक्के दिव्यांगत्व आणि महिन्याचं उत्पन्न साडेबावीस हजाराच्या आत असेल तर साहित्य पूर्ण फुकट. योजना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण त्यात अट आहे की एकदा साहित्य मिळालं की तीन वर्षं परत त्याच कारणासाठी मिळत नाही. आता बघा. अठरा इंची खुर्ची पंधरा इंची माणसाच्या नावावर चढली की तो तीन वर्षं अडकला. ती परत करायची सोय नाही, बदलायची सोय नाही. आमच्या मणक्यावाल्यांच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या खुर्च्या घराच्या मागे उभ्या आहेत, कोंबड्या बसतात त्यावर. एकाने त्याच्यावर पिठाची गोणी न्यायची सोय केलीये, म्हणतो निदान कुणाला तरी फिट बसली.

तुम्हाला वाटत असेल चांगल्या खुर्च्या परदेशातच मिळतात, लाखात. असं नाही राहिलं आता. आयआयटी मद्रासच्या लोकांनी 2021 मध्ये निओफ्लाय नावाची खुर्ची काढली, माणसाच्या मापाने सेट करून देतात, आली तेव्हा चाळीस हजाराच्या आत किंमत होती, तिला पुढून निओबोल्ट म्हणून बॅटरीचं चाक जोडलं की रस्त्यावर स्कूटरसारखी पळते. त्यांनीच त्याआधी 2019 ला अराईज म्हणून उभं राहता येणारी खुर्ची आणली होती. मी जाहिरात करत नाहीये, माझ्याकडे ती नाही, माझ्याकडे सेकंडहँड मापाची ॲक्टिव्ह खुर्ची आहे, बारा किलोची, हँडरेस्ट निघतात, मागची चाकं बटन दाबलं की सुटतात. पण त्या एका खुर्चीने मी भावाची वाट बघायचं थांबलो. कॉटवरून खुर्चीत यायला मला एक गुळगुळीत फळी लागते, सुताराकडून करून घेतली, सागाची, कडा घासलेल्या, दोनशे रुपये. आता मी घरी मोटर रिवाइंडिंग करतो, मागे दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून तालुक्याला तांब्याची तार आणायला जातो. (एकदा सोल्डरिंग गन मांडीवर ठेवून फोनवर बोलत बसलो, वास आल्यावर कळलं. मणक्यावाल्यांनी मांडीवर गरम काही ठेवू नये, चहाचा कप पण नाही.)

शंभर खुर्च्यांच्या बजेटमध्ये वीस-पंचवीसच येतील अशा, हे मला माहितीये. मग वीसच द्या. कुणाला काय लागतं ते पण वेगळं असतं, पोलिओवाल्याला वेगळं, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायला साधी फोल्डिंग चालते, त्याला ती द्या की. दिवसाचे बारा तास जो खुर्चीत काढणार आणि ज्याला खाली संवेदना नाही त्यालाच मापाची द्या. कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचे आधार, ते पण असेच वाटता. माझा मार खाली आहे म्हणून मी कॅलिपर-वॉकरवर घरात चार फेऱ्या मारू शकतो, व्यायाम म्हणून चांगलं आहे, उभं राहिलं की पाय आखडायचे कमी होतात, पण त्याच्यावर बाजाराला जाता येत नाही, अर्ध्या गल्लीत दम निघतो. छातीच्या वर मार असलेल्या पोराला लांब कॅलिपर देऊन 'आता चालायला लाग' म्हणून पाठ थोपटली होती तुमच्यातल्या एकाने. तो पोरगा घरी जाऊन दोन दिवस जेवला नाही.

आता त्या वस्तूबद्दल लिहितो जिचा फोटो तुम्ही कधीच काढणार नाही. लघवीची नळी.

मणक्याला मार लागला की पाय जातात हे सगळ्यांना दिसतं, मूत्राशय जातं हे दिसत नाही. भरल्याचं कळत नाही, रिकामं करता येत नाही, साठून राहिलं तर दाब उलटा किडनीपर्यंत जातो. पूर्वी मणक्याचे पेशंट मणक्याने मरत नव्हते, किडनीने मरायचे. मला दवाखान्यातून फोलीज लावून दिलेली, म्हणजे कायमची नळी आणि मांडीला पिशवी. 'महिन्याने बदला' म्हणाले. दोन वर्षं तेच, दर दोन महिन्याला ताप, थंडी, गढूळ लघवी, अँटिबायोटिक, परत ताप, शेवटी मूतखडा. मग रिहॅबच्या सिस्टरने सीआयसी शिकवलं, म्हणजे ठराविक वेळाने नळी घालून लगेच काढायची पद्धत. हात साबणाने स्वच्छ धुवायचे, पातळ नळी जेल लावून आत घालायची, लघवी काढायची, नळी बाहेर, काम संपलं. दिवसातून चार-पाच वेळा, दर चार ते सहा तासांनी, एका वेळी पाचशे मिलीच्या वर साठू द्यायची नाही. पहिल्या दिवशी हात एवढा थरथरत होता की नळी तीनदा खाली पडली आणि सिस्टर म्हणाली दादा, वायरमन ना तुम्ही, पाईपातून वायर ओढत होता की नाही? ते ऐकून हसलो आणि जमलं.

ही पद्धत 1972 ची आहे. अमेरिकेतले लॅपिडीस नावाचे डॉक्टर, त्यांनी सांगितलं की ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक नसलं तरी चालेल, साधं स्वच्छ असलं आणि वेळेवर पूर्ण रिकामं केलं तर इन्फेक्शन कमी होतं. पन्नास वर्षं होऊन गेली. आमच्या तालुक्यात मला विचारून विचारून अकरा जणांनी ते शिकलं, त्यातले सात जण त्याआधी कायमच्या नळीवर होते आणि कुणीच त्यांना दुसरं काही असतं हे सांगितलं नव्हतं. बायकांना तर अजून अवघड, आरसा लागतो, बसायला जागा लागते, आणि घरात दार लावायला खोली लागते.

ही पातळ नळी, नेलाटॉन म्हणतात तिला, वडापाव-चहाच्या पैशात येते, पण दिवसाला चार म्हटलं की महिन्याचं बिल बघा, वर जेल, वर डायपर, अंडरपॅड. संजय गांधी निराधारचे दीड हजाराचे अडीच हजार झाले, चांगलं झालं, पण ते यातच जातात. लोक मग एकच नळी धुऊन आठवडा-आठवडा वापरतात, मी पण वापरली, स्टीलच्या डब्यात ठेवून. म्हणून सांगतो, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांना उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, आमच्याकडे त्याच्या दरवर्षी पाण्याच्या टाक्या किंवा भांडी येतात, एकदा भिंतीवरची घड्याळं आली होती. मणक्याच्या पेशंटला त्यातून सहा महिन्यांच्या नळ्या आणि वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी द्या. घड्याळ आहे माझ्याकडे, त्यातूनच दर पाच तासाने नळी घालायची वेळ बघतो.

आणि एक कार्ड छापा. वीस रुपयाला दहा होतील. सांगतो कशासाठी.

आमच्या ग्रुपमध्ये एक मित्र आहे, मानेला मार, सी-6 म्हणजे मानेचा सहावा मणका, हातांची बोटं चालत नाहीत. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला त्याच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल. तोंड लालभडक, कपाळावरून घामाच्या धारा, डोकं फुटतंय म्हणून ओरडतोय. जवळच्या दवाखान्यात नेलेलं, बीपी दोनशेच्या वर, आणि एरवी त्याचं बीपी शंभरच्या आसपास असतं. त्याला आडवं झोपवलेलं, डोक्याची गोळी दिलेली. मी ओरडलो आधी त्याला बसवा! पाय खाली सोडून बसवा, पँटची नाडी सोडा, नळी बघा. नळी मांडीखाली दबून मुडपलेली होती. सरळ केली तशी पिशवी भरायला लागली, भरभर, आणि दहा मिनिटात बीपी उतरलं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वर मार असेल तर होतो. खाली काहीतरी खुपतंय, तुंबलंय, मूत्राशय भरलंय, संडास अडकलाय, जखम आहे, साधं पायाचं नख आत गेलंय, मेंदूला नीट कळवता येत नाही म्हणून शरीर बीपी वाढवून बोंब मारतं. कारण काढलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ड्युटीवरच्या पोरगेल्या डॉक्टरला मी दोष देत नाही, त्याने असा पेशंट आयुष्यात पहिल्यांदा बघितला असेल. पण मित्राच्या पाकिटात मराठीत चार ओळींचं कार्ड असतं तर? बसवा, कपडे सैल करा, नळी-मूत्राशय बघा, मग संडास बघा, बीपी मोजत रहा, तरी नाही उतरलं तर बीपीचं औषध. तुमचा फोटो त्या कार्डाच्या मागे छापा, चालेल, खरंच चालेल.

आता इलाजाबद्दल, कारण तुमची देणगी तिकडे पण जाते. माझ्या वडलांनी 2016 साली वीस गुंठे विकले आणि मला एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये स्टेम सेलची इंजेक्शनं दिली. तीन. त्यातल्या एकासाठी तुमच्यापैकीच एका ट्रस्टने पन्नास हजाराचा चेक दिला होता, मोठ्या मनाने, फोटो अजून भिंतीवर आहे. पायाचा अंगठा हलला नाही. नंतर कळलं, आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या गाईडलाईनमध्ये सरळ लिहिलंय की रक्ताच्या काही आजारांसाठी जे स्टेम सेल ट्रान्सप्लांट करतात ते सोडून बाकी सगळं अजून प्रयोग आहे, ट्रायलमध्येच करायचं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. पैसे मागितले म्हणजे तो इलाज नाही, धंदा आहे, ही साधी खूण. पुढच्या वेळी असा अर्ज तुमच्या टेबलवर आला तर चेक फाडण्याआधी एवढं एक विचारा.

संशोधन चालू आहे हे खरंय, मी वाचत असतो, यूट्यूब बघतो. अमेरिकेत औषधं-मशीन तपासून परवानगी देणारं एफडीए आहे, त्यांनी डिसेंबर 2024 मध्ये एका मशीनला परवानगी दिली, ऑपरेशन न करता मानेवर बाहेरून करंट देतात आणि सोबत हाताचा व्यायाम, मानेच्या अपुऱ्या माराच्या लोकांचा हात त्याने थोडा सुधारतो. थोडा. पण ज्याला कप धरता येत नाही त्याला थोडा म्हणजे किती असतं ते त्यालाच विचारा. अंगावर चढवायचे चालणारे रोबोट पण आहेत. मला राग यांचा नाही. मला वाईट याचं वाटतं की आजही मिळणारा, कंटाळवाणा, स्वस्त इलाज कुणी करत नाही. पाय उडत असतील तर बॅक्लोफेनची गोळी आहे. आग-आग होणाऱ्या नसांच्या दुखण्याला प्रेगाबालिनसारखी औषधं आहेत. रोज एकाच वेळी, जेवणानंतर अर्ध्या तासाने, सपोझिटरी (संडासच्या जागी आत घालायची गोळी) घालून संडासची सवय लावली तर माणूस दिवसभर निर्धास्त बाहेर फिरतो, माझं सगळं दुकान या एका सवयीवर चाललंय. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनची संस्था 1955 पासून आहे, पण सिव्हिलमधून डिस्चार्ज होताना तिथे जा असं किती जणांना कुणी सांगितलं?

तुमच्या भाषणात मुरलीकांत पेटकरांचं नाव येतंच, आपल्या सांगलीकडचा माणूस, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं गेलं, 1972 ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. ऐकलं की माझ्या पण अंगावर काटा येतो. पण ज्या पॅरालिम्पिकचं कौतुक करता ते सुरू कुठून झालं? इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या दवाखान्यात गुटमन नावाच्या डॉक्टरने 1944 ला मणक्याच्या जखमी सैनिकांचा वॉर्ड सुरू केला, आणि खेळाच्या आधी त्याने काय केलं तर दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची सक्ती केली, रात्री स्वतः येऊन बघायचा म्हणे. आधी कूस, मग खेळ, मग मेडल. तुम्ही एकदम मेडलवर जाता.

अजून एक. शिबिराच्या कमिटीत आमच्यातला एक तरी घ्या. सत्काराला नाही, खुर्ची निवडायला. कोल्हापूरला नसीमादीदी हुरजूक यांनी 1984 पासून हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड उभी केली, त्या स्वतः व्हीलचेअरवर, म्हणून तिथे कुणाला उंबऱ्याची उंची समजावून सांगायला लागत नसणार. महाराष्ट्राने 2022 ला दिव्यांग कल्याणचा वेगळा विभाग केला, मग तालुक्यात एक टेप आणि एक माणूस एवढं तरी अवघड नसावं. नवीन पडलेल्या माणसाला दवाखान्यात असतानाच आमच्यापैकी कुणी जाऊन भेटला तर माझ्यासारखी दोन वर्षं त्याची जाणार नाहीत. आम्ही जातो, पेट्रोल स्वतःचं घालून जातो, पण वॉर्डात आत सोडत नाहीत, भेटायची वेळ संपली म्हणतात.

तर 3 तारखेला मी येतोय. खुर्ची मला नकोय. टेप माझा, फळी माझी, बसायची जागा दरवाज्याजवळ द्या, ज्यांना मणक्याचा मार आहे त्यांची मापं मी आणि अजून दोघं लिहून घेतो, वहीत, नाव-फोनसकट, आणि ती वही तुमच्याकडे देतो. खुर्च्या त्या दिवशी वाटल्याच पाहिजेत असं नाही, दीड महिन्याने आल्या तरी चालतील, मापाच्या येऊ द्या.

फक्त गेल्या वेळी कार्यक्रम ज्या मंगल कार्यालयात होता त्याला पुढून सात पायऱ्या होत्या आणि मागचं दार केटररच्या भांड्यांनी अडवलेलं, दोन पोरांनी मला गोणीसारखं वर नेलं. या वेळी हॉल कुठला धरलाय आणि पायऱ्या किती ते आधी कळवा, म्हणजे त्या हिशोबाने लांब फळी आणायची का आखूड ते ठरवतो.

आपला,
एक माजी वायरमन, यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) 80 टक्के, कंबर पंधरा इंच